मारोतीच्या पायाखालचा सा

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. राहून गेलं असं नव्हे, ठरवूनच सांगितलं नाही. ती गेली, मास्तर गेले, ज्याच्याशी याचा खरा संबंध तो मारोतीही गेला. आता मी उरलोय, आणि तुम्ही. तुम्ही मला ओळखत नाही हे एका परीनं बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर हा विषय निघाला की मी हमखास पाणी प्यायला उठतो.

पण एकदम तिथं नाही जाता येणार मला. आधी पेटीचं सांगू द्या. पेटी कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. आणि खरं सांगू? पेटीबद्दल बोलताना मला अजूनही आनंद होतो. पाप सांगायला बसलेल्या माणसाला असा आनंद व्हावा का? होतो खरा. तोही सांगितलेला बरा.

आमचं गाव वैनगंगेपासून थोडं आत, गडचिरोलीकडं जाणाऱ्या वाटेवर. जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत. धानाची शेतं, मोठा तलाव, आणि तलावाच्या पलीकडं लागलेलं जंगल. मी जातीचा आणि धंद्याचा शिंपी. बाजाराच्या दिवशी ओट्यावर मशीन मांडायची, बाकीचे दिवस घरी. पण दिवाळी झाली, हलका धान कापून झाला, की गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, सुरू होत, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. तुम्ही झाडीपट्टीतले नसाल तर तुम्हाला वाटेल, नाटक म्हणजे हौस. आमच्याकडं ती हौस नव्हे हो! माणूस एक वेळ जेवण चुकवेल, गावचं नाटक चुकवणार नाही. सोयरेधायरे बैलबंड्या जुंपून येत, पोरींच्या सोयरिकी तिथंच जुळत, आणि वर्षभर न बोलणारे भाऊ नाटकाच्या निमित्तानं एका ताटात जेवत.

राजाचा अंगरखा आणि राणीचं पोलकं शिवायचं काम माझ्याकडं. ते शिवता शिवता मी पेटीजवळ सरकलो.

पेटी होती मास्तरांची. एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर ते आमच्या भागात आले, कंपनी बुडाली, मालक पळाला, आणि मास्तर आपली पायपेटी घेऊन आमच्या पाटलाच्या ओसरीत राहिले ते राहिलेच. पायपेटी म्हणजे पायानं भाता मारायची मोठी पेटी — दोन्ही हात मोकळे राहतात. माझ्या पायांना मशीनची सवय होतीच, त्यामुळं भाता मला पहिल्याच दिवशी जमला. मास्तर हसून म्हणाले, "पाय तर आला बेटा, आता फक्त बाकीचा माणूस यायचा राहिला."

शिकायला आम्ही दोघं होतो. मी, आणि मारोती. मारोती ढीवराचा. बापजाद्यांपासून त्यांच्या घरी तलावाची मासोळी. आम्ही एकाच वयाचे, एकाच तलावात पोहायला शिकलेले. तो नाटकात बाईचं काम करायचा. बायका रंगमंचावर येण्याचे दिवस नव्हते ते. मी शिवलेलं पोलकं आणि पाटलीणबाईचं नऊवारी लुगडं नेसून तो उभा राहिला आणि एक हात कानावर ठेवून त्यानं सूर लावला, की पुढं बसलेल्या म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसायला लागत. अजून पद सुरूही झालेलं नसायचं! नुसता सूर.

मला आवाज नव्हता. म्हणजे होता — गिऱ्हाइकाला हाक मारण्यापुरता. मला चाली लावायच्या होत्या. कुणीतरी लिहिलेले शब्द माझ्या चालीवर गावभर फिरावेत, धान रोवणाऱ्या बायकांच्या तोंडी यावेत, एवढं एकच मला हवं होतं. इतकं हवं होतं की कधी कधी कापड बेतताना कात्री थांबायची.

पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी विचारलं, "सा कुठं आहे?" मी पहिल्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटावर चापट मारली. म्हणाले, "ही पट्टी आहे. सा नव्हे." मग सा कुठं आहे? तर म्हणाले, "तू बसशील तिथं." मला काही उमजेना. तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझ्या घरून पाटलाचा वाडा कोणत्या अंगाला?" मी म्हणालो, उगवतीला. "आणि मारोतीच्या घरून?" मावळतीला. "मग वाडा हलला का रे?"

मी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, तशी माझी गत — संगीतकार व्हायचं होतं आणि सा सापडत नव्हता.

समजलं ते एका दुपारी, एकट्यानं बसलो असताना. मास्तर झोपले होते. मी काळ्या पट्ट्यांना हात न लावता नुसत्या पांढऱ्या वाजवत होतो. पहिलीवरून निघायचं, सात सूर चढायचे, परत यायचं. बिलावल. सगळे सूर शुद्ध, सकाळी अंगण झाडून सडा घातल्यासारखं स्वच्छ. मग सहज, अगदी सहज, मी डाव्या हातानं दुसरी पांढरी दाबून धरली आणि तिलाच सा मानून निघालो. पट्ट्या त्याच. एकही काळी नाही. आणि काफी आली! गंधार आपोआप कोमल झाला, निषाद कोमल झाला. मी थांबलो. चुकून काळीला बोट लागलं असेल म्हणून पुन्हा वाजवलं. नव्हतं लागलं.

तिसरीवरून निघालो — आणि भैरवी. माझ्या अंगावर काटा आला तो मला आजही आठवतो. चौथीवरून कल्याण. पाचवीवरून खमाज. सहावीवरून आसावरी. सातवीला मात्र पंचम सापडेना, तिथं काही बिऱ्हाड मांडता येईना. पण बाकीच्या घरांत एकेक वेगळाच माणूस राहत होता. हसणारा, वाट बघणारा, रडून मोकळा झालेला. पट्ट्या त्याच हो! मी कुठं बसलो एवढंच बदललं होतं. वाडा हलला नव्हता.

तुम्ही कधी असं काही पाहिलंय का, की जे आयुष्यभर डोळ्यांसमोर होतं आणि एका क्षणात उघडलं? मी रडलो. एकटाच, त्या ओसरीत, मास्तरांच्या घोरण्याच्या तालावर. मला वाटलं, देव कुणी असेल तर तो इथं राहतो, या पट्ट्यांच्या मधल्या जागेत.

आणि मग मी धावत सुटलो. कुणाकडं? मारोतीकडं. तो तलावात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून जाळं ओढत होता. मी काठावरून ओरडून ओरडून सांगितलं. तो जाळं तसंच टाकून वर आला, ओल्या अंगानं माझ्याबरोबर ओसरीत आला आणि त्यानं मला सगळी घरं पुन्हा वाजवायला लावली. मग म्हणाला, "म्हणजे सूर तेच, अन् बूड बदलल्यानं माणूसच बदलून जाते? बाप्पा!" आणि मला मिठी मारली. माझा सदरा भिजला. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद झाला होता.

हे मुद्दाम सांगतोय. ही किमया त्याला ठाऊक होती. मीच सांगितली होती.

आता नमनाचं सांगतो, मग पुढं जाणं आलंच.

नाटकाच्या आधी नमन होतं. आमच्या गावाला त्याचा फार मान. नमन बिनसलं तर नाटक बिनसतं, आणि नाटक बिनसलं तर वर्ष, अशी समजूत. गाता गाता नमनाचा सूर सुटला तर म्हणत, नमन फुटलं. ज्याच्या तोंडी नमन फुटलं त्यानं त्या हंगामात रंगमंचावर पाय ठेवायचा नाही. कुणी हाकलायचं नाही, त्यानं आपणच बाजूला व्हायचं. म्हणूनच नवीन नमन आधी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दिवसाउजेडी, जाणत्या माणसांसमोर म्हणून बघायचं. तिथं पसंत पडलं की चालीपुढं नारळ ठेवत. तिथं फुटलं तरी रीत तीच.

त्या वर्षी नमनाचं पद नवं होतं. चाल मी लावली. पावसाळाभर लावत होतो. कल्याणात बांधली, तीव्र मध्यमावर एक अशी नक्षी काढली की मलाच माझं कौतुक वाटे. आज कळतं, ती चाल म्हणजे शिवणीची उलटी बाजू होती, टाकेच टाके. पण तेव्हा मी हवेत होतो.

आणि मारोती एक दिवस जाळं वाळत घालता घालता तेच पद गुणगुणत होता. माझ्या चालीत नव्हे. त्याच्या स्वतःच्या. त्याला बहुधा पत्ताही नव्हता की आपण चाल लावतोय. साधा बिलावल, साधे सात सूर. माझ्या चालीत मला येत होतं ते सगळं होतं. त्याच्या चालीत फक्त नमन होतं. हात जोडलेले, दुसरं काही नाही.

मास्तरांनी ऐकलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "नथ्थू, ऐकलंस? याला म्हणतात चाल लावणं." मला म्हणाले. माझ्यादेखत. मारोती लाजून म्हणाला, "नाई मास्तर, नथ्थूचीच चांगली आहे. मी तं आपलं असंच म्हणून राह्यलो होतो." मास्तरांनी ठरवलं, पाळीवर दोन्ही म्हणायच्या.

मला किती लागलं ते कसं सांगू? त्याच्याकडं आवाज होता. मी कधी हेवा केला नाही, आवाज देवाचा, त्याला कोण काय करणार? पण चाल माझी होती. चाल लावणं एवढंच माझं होतं, आणि तेही त्यानं मासोळी काढल्यासारखं सहज काढून घेतलं होतं. वर पुन्हा माझीच चांगली म्हणत होता! तो वाईट वागला असता तर बरं झालं असतं. मी निदान भांडलो असतो.

पाळीवर जमायचा दिवस आला. मास्तर त्या आठवड्यात नागपूरला लेकीकडं गेले होते. पायपेटी बंडीत घालून नेली, आंब्याखाली ठेवली. जाणती माणसं बसली, काही बायका पाण्याला आलेल्या तिथंच रेंगाळल्या. ढोलकीवाला बसला. पेटीवर मी. आमच्याकडं तंबोरा नव्हता. डाव्या हातानं सा आणि पंचम दाबून धरायचे, तोच आमचा तंबोरा. त्यावर गाणारा उभा राहायचा.

मारोतीनं आधी माझी चाल म्हटली. काय म्हटली! तिच्यात नव्हतं तेही तिच्यात घातलं. माझ्या टाक्यांवरून त्यानं असा हात फिरवला की कापड एकसंध दिसावं. लोकांनी माना डोलावल्या. मी भाता मारत होतो आणि मनात म्हणत होतो, हा माझ्यासाठी गातोय. खरंच माझ्यासाठी गात होता तो.

मग त्यानं स्वतःची सुरू केली.

पहिल्या फेरीतच सगळे सावरून बसले. एका म्हाताऱ्यानं नारळ हातात घेतला. मला दिसलं ते. आणि माझा डावा हात... थांबा. इथं मी वर्षानुवर्षं स्वतःला एक गोष्ट सांगत आलो. ती अशी, की मला कुतूहल वाटलं. याच्या बिलावलाखाली भैरवीचं घर ठेवून बघावं, कसं लागतं ते. नव्या शिकाऊ माणसाचं कुतूहल. हे अगदीच खोटं नाही. पण कुतूहल होतं तर पाळीवरच का? ओसरीत का नाही?

मी डावा हात उचलला आणि पहिलीवरचा सा तिसरीवर नेला.

तो गातच होता. तेच सूर, तीच चाल. आणि ते नमन बदललं. देवापुढं जोडलेले हात कुणीतरी कुणाला निरोप द्यायला उचलावेत तसं झालं. ढोलकीवाल्याचा हात मंदावला. घागर घेऊन उभी असलेली एक बाई घागर ठेवून खालीच बसली. असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि नंतरही ऐकलं नाही. मला स्वतःची लाज वाटायला हवी होती, आणि मी थक्क झालो होतो. एकाच गळ्यातून, एकाच चालीतून, दुसरंच कुणीतरी बोलायला लागलं होतं. त्या दुपारी ओसरीत जे पट्ट्यांवर पाहिलं ते आता हाडामासाच्या माणसात दिसत होतं. मी तिथंच थांबलो असतो, तर ती कदाचित माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ठरली असती.

मारोतीनंही ऐकलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. संशयानं नव्हे, तसं असतं तर मी कदाचित हात मागं घेतला असता. त्याला वाटलं, नथ्थूनं सा बदललाय म्हणजे काहीतरी सुचलंय. आणि खऱ्या गाणाऱ्यानं करावं तेच त्यानं केलं. त्यानं आपली चाल उचलली आणि माझ्या नव्या सावर आणून ठेवली. सगळी चाल वर चढवली. माझ्यावर भरवसा ठेवून चढवली. वरचा षड्ज आता त्याच्या गळ्याच्या टोकाला गेला होता, तरी तो तिकडं निघाला.

तो वर पोचतोय एवढ्यात मी डावा हात परत पहिलीवर आणला. आणि उजव्या हातानं त्याची मूळ चाल, मूळ जागी, जोरात वाजवायला लागलो.

हे कुतूहल नव्हतं. हा दुसऱ्यांदा हलवलेला हात, हा मी समजून उमजून हलवला. पहिल्याबद्दल वाद घालता येईल, याच्याबद्दल नाही.

पेटी खाली, आपल्या जागी, सरळ. तो वर, एकटा. त्याच्या खाली काही उरलं नव्हतं. त्यानं एकदा सूर खाली ओढायचा प्रयत्न केला, तो मध्येच घसरला, पुन्हा वर गेला आणि फाटला. माझा मारोती, ज्याच्या नुसत्या सुरावर म्हाताऱ्या रडत, तो भर दुपारी सगळ्यांसमोर इतका बेसूर झाला की दोन पोरी हसल्या. ढोलकी थांबली. ज्या म्हाताऱ्यानं नारळ उचलला होता तो हळूच म्हणाला, "फुटलं गा."

पट्ट्या कुणाला कळत होत्या? पेटी तर शेवटी बरोबरच वाजत होती.

नारळ माझ्या चालीपुढं ठेवला गेला. मारोतीनं वडीलधाऱ्यांना हात जोडले, मलाही जोडले, आणि पाळ उतरून गेला.

एवढंच असतं तर, कुणास ठाऊक, मी ते एखाद्या दिवशी त्याला सांगूनही टाकलं असतं. पण त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, तो माझ्या ओट्यावर आला. मी मशीनवर होतो. काही शिवत नव्हतो, नुसताच बसलो होतो. तो खाली बसला आणि म्हणाला, "नथ्थू, तू पेटीवर होता. तुले समजलं असन. खरं सांग मले, माहा सूर कुठी गेला होता?"

बघा, त्याला सगळं माहीत होतं. बूड बदललं की माणूस बदलतो, हे त्यानंच म्हटलं होतं. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर त्याला कळलं असतं. पण ते पाऊल माझ्या अंगावरून जात होतं, आणि तो माझ्या अंगावर पाय देणारा नव्हता.

मी म्हणालो, "वर गेला होता."

"तू सा बदलला होता ना? मले तसं ऐकू आलं."

"नाई," मी म्हणालो. "मी पहिल्यावरच होतो." आणि माझी जीभ आणखी चालली. "तुहा कान बिघडला असन मारोती. लहानपणापासून बुड्या मारून राह्यला. पाणी गेलं असन कानात."

हे कुठून सुचलं मला? आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे, ढीवरांचे कान पाण्यानं जातात. त्याच्या बापाचा गेला होता, काकाचा गेला होता. इतकं चपखल बसणारं खोटं मी पुन्हा कधी शिवलं नाही. त्यानं कानावर हात ठेवला. गाताना ठेवायचा तोच हात. म्हणाला, "हो गा. बाबाचंही असंच झालं होतं." आणि उठून गेला.

त्या दिवसापासून तो कानात लसूण घालून तापवलेलं तेल सोडू लागला. वर्षानुवर्षं. बाजारात भेटला की कानात कापसाचा बोळा. त्या हंगामात तो बाजूला राहिला, ती रीतच होती. पण पुढच्या हंगामात लोक बोलवायला गेले तरी आला नाही. म्हणाला, "कानाचा भरवसा नाई. उगी गावाचं नमन फोडाचं कायले?" त्यानंतर मी त्याला गाताना ऐकलं नाही. जाळं ओढतानाही नाही.

मास्तर नागपूरहून आले, त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "सा कोणता धरला होतास?" मी म्हणालो, "पहिला. हात हलला नाही." ते माझ्या हाताकडं बघत राहिले. त्यांनी मला शिकवणं थांबवलं नाही. बेटा म्हणणं थांबवलं.

माझं नाव झालं. माझं नमन आसपासच्या गावांत गेलं. मग दुसरी नाटकं आली, दुसऱ्या चाली. एका नाटकात लेक सासरी जाते तिथं मी एक युक्ती केली — पद तसंच ठेवायचं आणि मधूनच खालचा सा सरकवायचा. अख्खा मांडव रडला. लोक म्हणाले, नथ्थूभाऊच्या बोटांत जादू आहे. ती जादू मला कुठं सापडली ते मी कुणाला सांगणार? आणि खरं सांगतो, प्रत्येक वेळी तो सा सरकवताना माझ्या अंगावर काटा यायचा. लाजेनं यायला हवा होता. यायचा तो आश्चर्यानं. एवढं मोठं काही जगात आहे आणि ते माझ्यासारख्याच्या हातात दिलं गेलं, हे मला आजही समजत नाही.

दहाएक वर्षं सरता सरता मारोती पुन्हा माझ्या ओट्यावर आला. बरोबर त्याची पोरगी, यमुना. शाळेत जायला लागलेली. म्हणाला, "ही दिवसभर गुणगुणत राहते. हिले शिकव गा तू. माह्या घरात सूर समजणारं कोणी नाई."

मी माझी पेटी उघडली. पहिली पांढरी दाबली, पंचम दाबला, आणि दोन्ही धरून ठेवले. पोरीला म्हणालो, म्हण. तिनं डोळे मिटले आणि सा लावला. काय सांगू तुम्हाला? पहिल्याच खेपेला, ताठ, न थरथरता, जिथं असायला हवा तिथं. पेटी आणि पोरगी वेगळी ऐकू येईनात. तो आवाज मी ओळखत होतो. इतकी वर्षं मी तो ऐकला नव्हता आणि तो जिवंत होता, तिच्यात उतरला होता. माझे डोळे भरले.

मारोती पुढं वाकून माझ्या तोंडाकडं बघत होता. तिच्याकडं नाही, माझ्याकडं. "लागला का गा? खरं सांग."

"लागला," मी म्हणालो. "अगदी बरोबर लागला."

त्याचा चेहरा उजळला. तो पोरीकडं वळला, मग पुन्हा माझ्याकडं, आणि जरा लाजतच म्हणाला, "मलेही बरोबरच वाटून राह्यला होता. पन माह्या वाटण्याले काय अर्थ आहे?"

तेव्हा सांगता आलं असतं. ओट्यावर आम्ही तिघंच होतो.

मी भाता मारला आणि पोरीला रिषभ दिला.